इंजिन घरी बांधावे की गॅरेजला द्यावे : जुन्या मारुती ८०० च्या निमित्ताने

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले असले तरी डिसेंबर १९८३ पासून तीस वर्षे रस्त्यावर येत राहिलेल्या या गाड्यांपैकी बऱ्याच अजून धावत आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढे कधी ना कधी इंजिनाचे मोठे काम येऊन ठेपते. सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागतो, घाटात गाडीला दम लागतो, पेट्रोलइतकेच लक्ष ऑइलकडेही द्यावे लागते. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे हे इंजिन आटोपशीर आहे, बॉनेट उघडताच त्यातले बहुतेक भाग हाताला लागतात आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत संगणकाची भानगडही नाही. त्यामुळे काम स्वतः करण्याचा विचार याच गाडीच्या बाबतीत सर्वांत जास्त लोकांच्या मनात येतो, आणि तो सरसकट वेडेपणाचा नाही.

मात्र ‘स्वतः की गॅरेज’ हे ठरवण्याआधी काम किती खोल आहे ते ठरले पाहिजे. सकाळी गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एक लोट निघून नंतर धूर बंद होत असेल, तर बहुधा व्हॉल्व सील (व्हॉल्वच्या दांड्यांवरून ऑइल आत उतरू न देणारे) गेलेले असतात आणि काम हेडपुरतेच, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागापुरतेच असते. चालत्या गाडीत, विशेषतः ॲक्सिलरेटर दाबताना, सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर जातो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजावे आणि ज्यात ते कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजले आहे असे समजावे. तो होता तिथेच राहिला तर दोष व्हॉल्वमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) असण्याची शक्यता अधिक. थंड इंजिन सुरू करून उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसले, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे झाले, तर गॅस्केट उडाल्याचे जवळपास निश्चित होते. ही तपासणी स्वतः केलेली बरी, कारण तिला अर्धा दिवस आणि एक गेज एवढेच लागते, आणि गॅरेजमध्ये जाताना हाती आकडे असले की ‘फुल इंजिन करावे लागेल’, म्हणजे सगळे इंजिन उघडावे लागेल, हे वाक्य निमूटपणे ऐकून घ्यावे लागत नाही.

दोन्ही मार्गांतला एक टप्पा सारखाच आहे, आणि घरी काम करू पाहणाऱ्याच्या हिशेबात नेमका तोच राहून जातो. बोअरिंग (सिलिंडर मोठे कापणे), होनिंग (त्याची भिंत घासून नीट करणे), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा घासणे) आणि हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे) ही कामे घरी होत नाहीत आणि बहुतेक गॅरेजमध्येही होत नाहीत. तुम्ही काम घ्या वा मेकॅनिक घेवो, ब्लॉक आणि हेड मशीन शॉपमध्येच जातात. या इंजिनाचे मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर असते. सिलिंडरच्या वरच्या टोकाजवळ नखाने चाचपले असता ठळक कंगोरा लागला, तर रिंगा जिथवर फिरतात तिथवर भिंत झिजली आहे आणि नुसत्या नव्या रिंगा टाकून फारसे काही साधणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन आधी विकत घ्यावेत, ते मशीन शॉपमध्ये मोजायला द्यावेत आणि त्या मापाप्रमाणे बोअर करून घ्यावे. हा क्रम उलटला की पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट नशिबावर सोडल्यासारखे होते. गॅरेजमध्ये हा क्रम पाळला जातो की नाही, हा तिथे विचारायचा पहिला प्रश्न समजावा.

पैशांचे गणित त्यामुळे वाटते तेवढे एकतर्फी राहत नाही. घरी काम केल्यास वाचते ती उघडण्या-जोडण्याची मजुरी आणि सुट्या भागांवर गॅरेजने लावलेला नफा. मशीन शॉपचे बिल, गॅस्केट संच, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट, ऑइल आणि कूलंट यांचा खर्च दोन्हीकडे येतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला असून पक्के बिल देणाऱ्या गॅरेजच्या मजुरीवरही तो १८ टक्केच आहे, तेव्हा मजुरी वाचली की तिच्यावरचा करही वाचतो. दुसऱ्या बाजूला टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा पाना), फिलर गेज (फट मोजणाऱ्या पट्ट्या), रिंग कॉम्प्रेसर (पिस्टन बसवताना रिंगा दाबून धरणारे साधन) आणि मायक्रोमीटर (बारीक मापे घेणारे साधन) घ्यावे लागतात, आणि एकाच इंजिनासाठी ते घेतले तर वाचलेल्या मजुरीचा बराच भाग त्यांतच जातो. पुढेही गाड्यांचे काम करण्याची हौस ज्याला आहे त्याच्यासाठी हा खर्च भांडवल ठरतो. बाकीच्यांसाठी तो नुसता खर्च आहे.

जागेचा प्रश्न शहरात पैशांपेक्षा मोठा होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धी उघडलेली गाडी शेजाऱ्यांना चालत नाही, आणि चेन पुली कोणत्याही हुकाला अडकवून इंजिन उचलणे हे जिवावर बेतणारे काम आहे. आधार भक्कम असल्याची खात्री नसेल तर खालच्या, म्हणजे क्रँक आणि पिस्टनच्या, कामाचा विचार तिथेच सोडावा. पावसाळ्यात तर कोकणात किंवा मुंबईत नुकतेच होन केलेले बिडाचे सिलिंडर एका रात्रीत तांबूस होऊ शकते, म्हणून त्याला ऑइलचा हात देऊन झाकून ठेवावे लागते. गॅरेजमध्ये हेच काम आठवडाभरात उरकू शकते, तर शनिवार-रविवारच्या हिशेबाने घरी महिनाही पुरत नाही. गाडी रोजच्या कामावर जाण्याची असेल, तर एवढ्या एका कारणानेही निकाल लागतो.

कारागिरीच्या बाबतीत मात्र निकाल इतका सोपा नाही. अनुभवी मेकॅनिकच्या कानाला जे कळते ते पुस्तकातून येत नाही, पण घाईच्या गॅरेजमध्ये हेडचे बोल्ट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळले जातात, जुनाच टायमिंग बेल्ट परत चढतो आणि रिंगांची टोके बोअरमध्ये बसवून फट मोजण्याचे कष्ट कोणी घेत नाही. घरी काम करणाऱ्याकडे वेळ असतो. तो मॅन्युअल समोर ठेवून बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळतो, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या ज्याच्या त्याला राहतील अशा खुणा करतो आणि पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला आहे ना, हे पुन्हा पाहतो. अडतो तो मापांपाशी. सुझुकीच्या इंजिनांत मेन बेअरिंगची (क्रँक ज्यांत फिरतो त्या बेअरिंगची) निवड क्रँक आणि ब्लॉकवरच्या खुणा जुळवून, बेअरिंगवरच्या रंगांप्रमाणे करायची असते. ही निवड चुकली तर इंजिन सुरू होते, चांगले चालतेही, आणि काही हजार किलोमीटरनंतर खालून ठोके देऊ लागते. हेडमध्ये झालेली चूक बहुधा लवकर लक्षात येते आणि हेड पुन्हा उतरवून सुधारता येते. माझ्या मते हेडच्या आणि खालच्या कामांतला खरा फरक इथे आहे.

जबाबदारी हा गॅरेजच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा समजला जातो, पण तो बिलावर अवलंबून आहे. कोणते भाग बदलले, बोअर कोणत्या मापाचे झाले, किती महिने किंवा किती किलोमीटरची हमी आहे, हे लिहून दिले असेल तर गॅरेजची मजुरी रास्त आहे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या तोंडी हमीला मात्र घरच्या कामाइतकेच मोल आहे, फक्त ती महाग पडते. ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ या शब्दांचा अर्थही प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळा निघतो, म्हणून त्यांत काय काय धरले आहे ते आधीच लिहून घ्यावे.

माझा कल असा आहे : घरात दुसरे वाहन असेल, छपराखाली जागा असेल आणि काम हेड गॅस्केट, व्हॉल्व सील किंवा व्हॉल्व लॅपिंगपुरते (व्हॉल्व घासून बैठकीवर नीट बसवण्यापुरते) असेल, तर ते बेलाशक स्वतः करावे. क्रँक आणि पिस्टनपर्यंत जायचे असेल आणि मोजमापाची सवय नसेल, तर गॅरेजला द्यावे, पण पिस्टन आणि बेअरिंग पुण्यात नाना पेठेतून किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारातून स्वतः पक्क्या बिलावर आणावेत, हेड उतरेल त्या वेळी तिथे हजर राहावे आणि जुने भाग परत मागून घ्यावेत. काही गॅरेजवाले बाहेरून आणलेल्या भागांवर हमी देत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे अवाजवी नाही. अशा वेळी भाग त्यांनाच आणू द्यावेत आणि खोकी पाहून घ्यावीत. बीएस-६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाड्यांना हा विचार लागू होत नाही, त्यांचे खालचे काम सरळ तज्ज्ञाकडेच न्यावे.

तीच गोष्ट पुराचे पाणी शिरून बंद पडलेल्या इंजिनाची. ते पुन्हा सुरू करून पाहू नये आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत घरी किंवा गॅरेजमध्ये उघडूही नये. अशा नुकसानीची भरपाई मुळात इंजिन संरक्षणाचे जादा कवच घेतले असेल तरच मिळण्याची आशा असते. ब्लॉकला तडा जाऊन दुसरे इंजिन बसवायची वेळ आली, तर आरसी पुस्तकावरचा इंजिन क्रमांक बदलतो. मग काम कोणीही केलेले असो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे त्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी त्या दुसऱ्या इंजिनाच्या खरेदीची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात.