३८ हॉर्सपॉवर आणि माझे साडेसेहेचाळीस हजार

काल संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधलं एक पोरगं कार्ड घेऊन आलं. पुढच्या बाजूला गॅरेजचं नाव, मागं बॉलपेननं बेरीज, गाडीला काय बसवलं की किती हॉर्सपॉवर वाढणार त्याची. फिल्टर ६, एक्झॉस्ट १०, स्पेसर ४, प्लग ३, रिमॅप (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं) १५, खाली रेघ मारून ३८ आणि त्याला दोनदा गोल. अगदी असलंच कार्ड वर्षभर माझ्या गाडीच्या डॅशबोर्डात पडून होतं, अक्षरपण तेच. म्हणून हे लिहितोय. गॅरेजचं नाव लिहिणार नाही, कारण माझ्याकडं पक्कं बिल नाही, आणि बिल नसताना नाव घेतलं की उलट मलाच नोटीस यायची.

माझा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. प्रत्येक मागाला मोटार आणि मोटारीवर पत्र्याची प्लेट, एचपी किती ते त्यावर असतं, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, लाईट बिल बघून बघून पाठ झालेलं. म्हणजे हॉर्सपॉवर हा शब्द मला नवा नव्हता. पण प्लेटवर आकडा लिहिलाय म्हणजे तो खरा असणार हीच सवय लागलेली, आणि तिथंच माती खाल्ली.

गाडी साधी, स्विफ्ट पेट्रोल, १.२ लिटरचं इंजिन, कंपनीचे ८३ पीएस (पीएस काय, बीएचपी काय, जवळपास हॉर्सपॉवरच). पुण्याला कारखान्याच्या कामानं महिन्यातून दोनदा जाणं असतं, ओव्हरटेकला जरा दम कमी पडतोय असं वाटायचं. मित्रानं सांगितलं एक पोरगा आहे, लय भारी काम करतो. गेलो. तर गड्यानं आधी चहा मागवला, मग स्वतःच्या फोनवर व्हिडिओ दाखवले, कुठली तरी डिझेल गाडी धूर काढत पळतीय, खाली लिहिलंय पन्नास बीएचपी वाढले. म्हणला, "मालक, कंपनीवाले इंजिनाला मुद्दाम दाबून ठेवतात, आपण फक्त श्वास मोकळा करायचा." मग कार्ड काढलं आणि बेरीज मांडली. ८३ अधिक ३८, म्हणजे १२१. मी मनात म्हणलं, अजून सहा लाख घालून मोठी गाडी घेण्यापेक्षा हे काय वाईट.

आता सांगतो त्यानं खरी करामत कुठं केली. मला म्हणला, "तुमचा विश्वास नको मालक, तुमच्याच फोनवर दाखवतो." ओबीडीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या खाली गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं तिथं, काडेपेटीएवढी ब्लूटूथची डबी लावली, माझ्या फोनमध्ये अ‍ॅप टाकलं. विजापूर रोडला गावाबाहेर गेलो. गाडीत मी, तो आणि त्याचं एक पोरगं, एसी चालू कारण मे महिना. सेकंड गियर, पूर्ण अ‍ॅक्सिलेटर. आकडा आला ४४.

मी म्हणलं हे काय, कंपनी तर ८३ म्हणते? तर त्यानं मान हलवली, डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी. "गाडी थकलीय मालक. ८३ कागदावर असतात."

एवढ्यात मी खलास. चार दिवसांनी गाडी ताब्यात दिली तेव्हा पुन्हा टेस्ट, या वेळी त्याचं पोरगं नाही, एसी बंद ("टेस्टला एसी बंद ठेवायचा असतो मालक"), आणि मघाच्या उलट दिशेनं, सोलापूरकडं तोंड करून. आकडा ८१. "३८ म्हणलेलो, ३७ आले, एक सोडा की," आणि हसला. मी पण हसलो. साडेसेहेचाळीस हजार रोख दिले, वर पोराला शंभर रुपये.

आणि खरं सांगतो, पहिला आठवडा गाडी भारी वाटत होती. पाय ठेवला की उडी मारायची, बोनेटमधून फुसफुस आवाज, मागून घुमणारा आवाज. सात रस्त्याला सिग्नलला दोन-तीन पोरं वळून बघायची, पन्नाशीच्या माणसाला ते बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. बायको म्हणली डोकं दुखतंय, मी म्हणलं तुला कळत नाही.

मग अ‍ॅव्हरेज पडलं. अठराचं चौदावर. ते मी पाय जड झालाय म्हणून सोडून दिलं. पण टेंभुर्णीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना, गाडीत घरची सगळी, पूर्ण दाबलं आणि गाडी पहिल्यासारखीच. उलट जरा गळपटल्यासारखी. समोरनं ट्रक, परत मागं आलो. हात थरथरत होते. त्या दिवशी डोक्यात किडा शिरला.

भाचा चिंचवडला नोकरीला आहे, गाड्यांचा नाद. त्याला रात्री सगळं सांगितलं. त्यानं माझा फोन घेतला, ते अ‍ॅप उघडलं, आत सेटिंगमध्ये गेला आणि म्हणला, "मामा, ह्या दोन प्रोफाइल कुणी केल्या?" एक होती नुसती स्विफ्ट, वजन ८७५ किलो. दुसरी स्विफ्ट स्टेज २, वजन १३०० किलो.

अ‍ॅपला एचपी मोजता येत नाही. ते फक्त वेग किती लवकर वाढला हे बघतं, त्याला तुम्ही भरलेल्या वजनानं गुणतं आणि आकडा देतं. वजन दीडपट भरा, एचपी दीडपट. पहिल्या वेळी तीन माणसं बसवून प्रत्यक्षात गाडी अकराशेच्या आसपास होती आणि अ‍ॅपला सांगितलं ८७५, म्हणजे आकडा आपोआप कमी. दुसऱ्या वेळी गाडीत दोघंच, अ‍ॅपला सांगितलं १३००. वर एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार एचपी खातो तो एकदा चालू एकदा बंद. आणि रस्ता. मी पुढच्या वेळी मुद्दाम जाऊन बघितलं, डोळ्याला सपाट दिसतो पण थोडा चढ आहे. शंभर मीटरला एक मीटर एवढाच चढ धरला तरी ९०च्या स्पीडला एवढ्या वजनाच्या गाडीचे तीनेक एचपी जातात, आणि उलट फिरलं की तेवढेच फुकट मिळतात, म्हणजे फरक सहाचा.

भाच्यानं खात्री म्हणून त्याच रात्री वजनात ९००० टाकलं आणि सोसायटीच्या मागच्या रस्त्याला एक धाव मारली, तीपण अर्धवट दाबून. अ‍ॅपनं चारशेच्या पुढचा आकडा दाखवला. "घ्या मामा, तुमची स्विफ्ट आता व्होल्वोची बस झाली." मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डायनोवर नेली. डायनो म्हणजे जमिनीत रोलर असतात, त्यावर गाडीची पुढची चाकं चढवून पट्ट्यांनी बांधतात, समोर मोठा फॅन, आणि चाकाला किती ताकद पोचते ते मोजतात. माझ्या गाडीचे आले ६९. पोटात गोळा आला, पण तिथला माणूस म्हणला घाबरू नका, ८३ हे इंजिनावर मोजलेले असतात, गिअरबॉक्स, टायर यात पंधरा टक्क्यांच्या आसपास जातातच, म्हणजे चाकाला ७० ही तुमची गाडी जशी कंपनीतून आली तशीच आहे. थकलीबिकली कधीच नव्हती. मग त्यानं आमची कंपनीची एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचं बंद खोकं), जी नशिबानं मी डिकीत ठेवलेली, ती परत बसवली, तीन धावा घेतल्या, ७०. म्हणजे एक वाढला. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की एवढा फरक दोन धावांत असाच पडतो, याला कमीजास्त म्हणू नका, शून्य म्हणा.

तिथं बसून त्यानं जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. १.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा, ती पण पूर्ण भरली तर. हवा जेवढी तेवढंच पेट्रोल जळणार, एका ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते, हे प्रमाण कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आता ८३चे १२१ करायचे म्हणजे ४६ टक्के ताकद जास्त, म्हणजे जवळपास तेवढीच हवा जास्त. आणि इंजिन तर आधीच बऱ्यापैकी भरून घेतंय. वरची ४६ टक्के हवा तुम्ही ढकलून घालणार कशानं? त्यासाठी टर्बो लागतो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्या व्हिडिओतल्या डिझेलला टर्बो होता, तिथं सॉफ्टवेअरनं दाब वाढवला की हवा खरंच जास्त जाते, वीस-पंचवीस टक्के मिळतात. माझ्या गाडीत टर्बोच नाही तर तो दाब वाढवणार कुणाचा?

आणि ती बेरीजच मुळात खोटी. आपल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तुम्ही घरातला नळ अर्ध्या इंचाचा एक इंची केला, वर टाकीचा पाइप मोठा केला, बादली पण मोठी आणली, म्हणून उजनीतून पाणी जास्त सुटत नाही. जिथं सगळ्यात अरुंद आहे तिथंच अडतं. फिल्टरचे ६ आणि एक्झॉस्टचे १० असं प्रत्येक नळाचं पाणी वेगळं धरून बेरीज मारायची नसते. त्या डायनोवाल्याच्या अनुभवानं टर्बो नसलेल्या असल्या छोट्या इंजिनाला फिल्टरनं शून्य ते दोन, मागच्या सायलेन्सरनं एक-दोन, चांगल्या रिमॅपनं चार-पाच, आणि सगळं एकत्र केलं तरी बेरजेपेक्षा कमीच.

बाकी सामानाचं थोडक्यात सांगतो. स्पेसर म्हणजे थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) मागं बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती, चार हजारांची, शोभेची. इरिडियम प्लग चांगले असतात पण ते जास्त टिकतात, ताकद वाढवत नाहीत. रिमॅप तर केलाच नव्हता! ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हात लावलेला नाही, अ‍ॅक्सिलेटर पॅडलच्या वायरीत एक छोटा डबा अडकवलेला. तुम्ही ३० टक्के दाबलं की तो गाडीला ६० सांगतो, म्हणून उडी. पूर्ण दाबल्यावर शंभरच्या पुढं काय सांगणार? म्हणून टेंभुर्णीला गाडी तशीच होती.

फिल्टरचा तर अजून मोठा विनोद. कंपनीची एअरबॉक्स पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा ओढते. ह्या उघड्या शंकूच्या फिल्टरनं बोनेटच्या आतली तापलेली हवा ओढायला सुरुवात केली. परत आल्यावर मी त्याच अ‍ॅपवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघितलं, ते मात्र सेन्सरचं असतं, खरं असतं. बाहेर ४१, ट्रॅफिकमध्ये उघड्या फिल्टरवर ७०, जुन्या एअरबॉक्सवर त्याच रस्त्याला ५०. वीस अंश वाढले की हवा साधारण सहा टक्के पातळ होते. म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात मी नऊ हजार देऊन इंजिनाला गरम हवा पाजत होतो.

परत गॅरेजला गेलो, डायनोचा कागद घेऊन. त्यानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणला पुण्याचे डायनो कमी दाखवतात. मग मी फोन काढून ते १३०० दाखवलं. तर जरा थांबला आणि म्हणला, "मालक, आकडा सोडा. फील आला की नाही? खरं सांगा."

आला होता. काय बोलणार.

शेवटी लय घासाघीस केल्यावर त्यानं फिल्टर आणि डबा परत घेतले, सेकंडहँड म्हणून, साडेआठ हजारांत. एक्झॉस्ट घेतला नाही, त्या आवाजावरून ट्रॅफिक पोलिसाची एक पावती मी आधीच भरलेली होती, जुना सायलेन्सर त्यानं भंगारात घातलेला, म्हणून कंपनीचा नवा विकत आणून बसवला, त्याचे वेगळे गेले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात कंपनीच्या रचनेत असे बदल करायला बंदी आहे हे पण तेव्हाच कळलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का. माझ्याकडं वहीच्या पानावर लिहिलेला आकडा, ना सही ना शिक्का.

तर कार्ड घेऊन आलेल्या त्या पोराला काल एवढंच म्हणलं, काम करायचंच असेल तर कर बाबा, पण आधी तू स्वतः एका डायनोवर जा, कुठलाही पार्ट लावायच्या आधी, आणि नंतर त्याच डायनोवर, त्याच गियरमध्ये, तीन-तीन धावा, आणि मोजणारा माणूस पार्ट विकणारा नको. पैसे निम्मे नंतर, पक्क्या बिलावर, आणि बिलात लिहून घे किती वाढणार. लिहून देतो का बघ. जुने पार्ट पोत्यात घालून घरी आण. आणि त्यानं तुझ्या फोनमध्ये अ‍ॅप टाकलं तर गाडीचं वजन किती भरलंय ते बघ.

पोरगं म्हणलं, "काका, टाकलंय की आधीच." फोन काढला. वजन ८७५. दुसरी प्रोफाइल अजून केली नव्हती.