फतह की हमास: इस्रायलशी केलेला करार कोण पाळू शकेल?

पॅलेस्टिनींच्या हक्काची बाजू घ्यायची हे पक्कं झालं, तरी कोणाच्या मार्गाने, हा प्रश्न उरतोच. वेस्ट बँकेतल्या रामल्लातून कारभार करणाऱ्या फतह पक्षाच्या, की गाझातल्या सशस्त्र इस्लामी संघटना हमासच्या? दोघांना तोलताना मी एकच गोष्ट पाहते: इस्रायलशी झालेला करार आपल्या लोकांच्या गळी उतरवून तो पाळणं कोणाला जमेल?

फतहकडे सही आहे. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रात फतहचे आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे (फतहच्या नेतृत्वाखालच्या गटांच्या संयुक्त संघटनेचे) नेते यासर अराफात यांनी शांततेत आणि सुरक्षित जगण्याचा इस्रायलचा हक्क लेखी मान्य केला. बदल्यात इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, पण स्वतंत्र राष्ट्राचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता. फतहची पुढची फरफट या असमान देवाणघेवाणीतूनच सुरू झाली, असं मला वाटतं. वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात राहिला आणि त्यावरच्या वसाहती वाढत गेल्या. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे फतहच्या हातातल्या मर्यादित अधिकारांच्या सरकारच्या, महसुलाचा मोठा वाटा इस्रायलच गोळा करतो. तो पैसा अडवला की शिक्षकांचे, पोलिसांचे पगार रखडतात. त्याच पोलिसांनी इस्रायली सुरक्षा यंत्रणेशी सहकार्य करायचं असतं. लोक चिडणार नाहीत तर काय? त्यात भ्रष्टाचाराचे आरोप. फतहचे महमूद अब्बास प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झाली नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेली निवडणूकही पूर्व जेरुसलेममधल्या मतदानाचं कारण देऊन पुढे ढकलली गेली.

हमासकडे एकेकाळी कौल होता. २००६ मध्ये कायदेमंडळाच्या १३२ पैकी ७४ जागा हमासने जिंकल्या, फतहला ४५ मिळाल्या. पण पक्षयाद्यांची मतं पाहिली तर फरक ४४ विरुद्ध ४१ टक्के एवढाच. निम्म्या जागा मतदारसंघांतून भरायच्या होत्या आणि तिथे फतहच्या बंडखोरांनी मतविभागणी करून ठेवली. त्यामुळे 'लोकांनी तडजोड नाकारली' असा त्या निकालाचा अर्थ लावणं मला पटत नाही. जून २००७ मध्ये हमासने बंदुकीच्या जोरावर गाझा ताब्यात घेतला, आणि मग तिथेही लोकांना पुन्हा विचारलं गेलं नाही.

२०१७ च्या दस्तऐवजात १९६७ च्या सीमांवरचं (म्हणजे वेस्ट बँक, गाझा आणि पूर्व जेरुसलेममधलं) राष्ट्र हमासने राष्ट्रीय सहमतीचं सूत्र म्हणून स्वीकारलं, इस्रायलला मान्यता मात्र दिली नाही. नव्वदच्या दशकात बसमध्ये झालेल्या आत्मघाती स्फोटांनी इस्रायलमधल्या शांततावाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, सुमारे अडीचशे ओलीस नेली गेली. कोणताही अन्याय याचं समर्थन ठरू शकत नाही. आणि त्यानंतर गाझात इस्रायलने हजारो लेकरांसह जी माणसं मारली, त्याचंही नाही.

समेटाचे करार मक्केत झाले, कैरोत झाले, २०२४ मध्ये बीजिंगमध्येही झाले. हमास शस्त्रं सोडत नाही आणि फतह मुक्ती संघटनेवरची पकड सोडत नाही, इथे सगळं अडतं.

म्हणून निवड करणाऱ्याने मे २००६ चा कैद्यांचा मसुदा जरूर पाहावा. इस्रायली तुरुंगात फतहचे मारवान बरघुती आणि हमाससह इतर गटांचे कैदी यांनी तो मिळून लिहिला. त्यात राष्ट्र १९६७ मध्ये व्यापलेल्या भूमीवर मागितलं आहे. वाटाघाटी मुक्ती संघटनेने आणि अध्यक्षांनी करायच्या, आणि होणारा करार संघटनेच्या नव्या राष्ट्रीय परिषदेपुढे (तिच्या संसदेपुढे) किंवा सार्वमताला ठेवायचा. मसुद्याने व्यापलेल्या भूमीतल्या सशस्त्र प्रतिकाराचा हक्क सोडलेला नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. तरीही सही एकाची आणि कौल सगळ्यांचा, अशी सोय मला दुसरीकडे दिसत नाही.

माझा कल वाटाघाटीच्या मार्गाकडे आहे, पण आजच्या फतह नेतृत्वाकडे नाही. पूर्व जेरुसलेमसह निवडणूक व्हावी, बरघुतींसारख्यांना ती लढवता यावी, आणि निवडून येणाऱ्यांनी नागरिकांवरचे हल्ले कायमचे सोडावेत, ही मागणी लावून धरायला हवी. इस्रायलकडूनही तेवढंच मागायला हवं. जुलै २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ठराव केला, ६८ विरुद्ध ९ मतांनी. ती भूमिका कायम असेपर्यंत रामल्लात कोणीही निवडून आलं, तरी त्याला आपल्या लोकांपुढे ठेवण्यासारखा करारच हाती येणार नाही.