कृतज्ञता डायरी आणि रोजचं ध्यान: सात महिने वापरल्यानंतर

ॲपवरची १४३ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे न चुकता केलेल्या सलग दिवसांचा आकडा, एका सकाळी शून्यावर आली. आदल्या रात्री मी दोन्ही गोष्टी केल्या होत्या. दहा मिनिटं श्वासावर लक्ष, मग कृतज्ञतेच्या तीन नोंदी. फोनला नेट नव्हतं एवढंच. नोंद सकाळी अपलोड झाली आणि तिच्यावर सकाळची तारीख पडली. कंपनीला पाच मेल केले. चार वेळा तेच छापील उत्तर आलं आणि पाचव्यांदा ‘मागचा दिवस जोडता येत नाही’. वर्षाचे पैसे आधीच भरून टाकले होते, त्यामुळे चीड जास्तच आली. त्या रात्री झोपही नीट लागली नाही.

खातं बंद करायचं ठरवलं आणि त्याआधी जुन्या नोंदी वहीत उतरवायला बसले. तिथे रागाची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. ‘तब्येत. घरची माणसं. नोकरी.’ शेवटच्या महिन्यात २२ दिवस हेच तीन शब्द, याच क्रमाने. बऱ्याच नोंदींची वेळ रात्री ११:५० नंतरची. दिवा बंद केल्यावर आठवण झाली की अंगठ्याने तीन शब्द टाकायचे आणि डोळे मिटायचे, असं चाललं होतं. आकडा रोज वाढत होता आणि मी त्यालाच प्रगती समजत होते.

खरं तर हा अनुभव ‘यात काही अर्थ नाही’ असं लिहायला घेतला होता. पण मग कृतज्ञतेचे मूळ प्रयोग कसे झाले ते वाचलं आणि मत बदललं. एमन्स आणि मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं. रोज लिहून घेतलेला प्रयोगही त्यांनी केला आणि त्यातही मनःस्थितीत फरक दिसला, पण एक दिवस चुकला की सगळं शून्य हा नियम ॲपवाल्यांचा. ‘तीन चांगल्या गोष्टी’ ही पद्धत मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासली. तिथे एक आठवडा, रोज रात्री तीन गोष्टी आणि प्रत्येकीसमोर ती का घडली हे लिहायचं होतं. ज्यांनी ते केलं त्यांच्यात नैराश्याची लक्षणं पुढे सहा महिन्यांपर्यंत कमी दिसली.

माझ्या ॲपमध्ये तीन रकाने होते. ‘का’ कुठेच नव्हता.

या एका शब्दावर मी अडून बसले आहे आणि त्याला कारण आहे. ॲपमध्ये एका दिवशी नुसतं ‘बहीण’ लिहिलंय. त्या दिवशी काय झालं होतं ते आज काही केल्या आठवत नाही. वहीतली नोंद अशी आहे: ‘ताईचा फोन. का? परवा बोलताना माझा आवाज बसला होता, तिच्या ते लक्षात राहिलं.’ एवढं लिहिताना पेन थांबलं. दोन दिवस तिच्या डोक्यात माझा आवाज होता आणि मी तो फोन घाईत ठेवला होता. लगेच तिला फोन लावला. ‘का’ लिहायला घेतलं की माणूस दिसतो.

ध्यानाबद्दल थोडक्यात. श्वासावर लक्ष दिलं की मला धडधड वाढायची. दीड महिना वाटत राहिलं की मलाच जमत नाही. चिंतेचा त्रास असलेल्या काहींना असं होतं, हे उशिरा कळलं. मग श्वास सोडून तळपायांवर लक्ष ठेवायला लागले. जमिनीचा गारवा, टाचेवरचा भार. तेव्हापासून दहा मिनिटं बसता येतं. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातही श्वासाबरोबर शरीराकडे लक्ष देणं आणि चालणं आहेच. आणि २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात चिंता आणि नैराश्यावर थोडा ते मध्यम फायदा दिसला. औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. माझी गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी आपली बंद करू नका, कळकळीने सांगते.

अजून एक चूक मी केली. साहेबांनी सगळ्यांसमोर बोल लावले त्या रात्री मी ‘नोकरी आहे हे नशीब’ असं लिहिलं. चार दिवस जबडा आवळलेला होता. आता असा दिवस असेल तर डाव्या पानावर आधी राग लिहिते, पूर्ण. उजवं पान कधीकधी कोरंच राहतं, राहू दे.

वहीला दोन महिने झाले. आठवड्यातून दोनदा लिहिते, ध्यान बहुतेक दिवशी होतं. मधल्या रात्री जाग आली तरी परत झोप लागते, हा फरक माझ्यापुरता मोठा आहे. ॲपचे पाच महिने शिल्लक आहेत, ते वाया गेले तरी चालतील.

कालची नोंद: ‘शेजारच्या टेबलवाल्या सहकारिणीने न सांगता माझं उरलेलं काम संपवून ठेवलं. का?’ पुढची ओळ रिकामी आहे. उद्या तिलाच विचारणार आहे.