स्नॉर्कल बसवायचा की इंजिनाचं कव्हर घ्यायचं?

मिरग आला की निपाणीपासून खानापूरपर्यंत डिझेल गाडीवाल्यांत हा विषय निघतोच. स्नॉर्कल म्हणजे इंजिनाला छताजवळून हवा ओढू देणारा उंच पाईप, आणि कव्हर म्हणजे पाण्यानं इंजिन बिघडलं तर भरपाई देणारी, गाडीच्या विम्यातली जादा जोड. मी दोन्ही वापरून बघितलंय.

महापुराची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, वाहतूक थांबली. तिथं कुठलाच उपाय चालत नाही, गाडी घरीच बरी. मी बोलतोय ते ओढ्याच्या, नाल्याच्या गुडघाभर पाण्याबद्दल.

स्नॉर्कल मी आधीच्या गाडीला बसवला होता. फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, कापताना जीव खालीवर झाला, पण दोन पावसाळे निर्धास्त गेले. मग एकदा जांबोटीहून येताना ओढा ओलांडला, गाडी काही कुरकुरली नाही. घरी येऊन सहज हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर कागदाच्या खालच्या घड्या ओल्या, आणि डब्याच्या आतून बोटभर उंचीवर तांबडी रेघ.

घोळ असा होता: स्नॉर्कलचं तोंड छताजवळ असलं तरी फिल्टरचा डबा बोनेटखालीच राहतो. त्याचं झाकण, पाण्याचा निचरा होणारं तळाचं भोक, पाईपचे सांधे, सगळं हवाबंद हवं. बसवणाऱ्यानं सिलिकॉन नीट लावलं होतं. सर्व्हिसिंगला फिल्टर बदलताना पोरानं ते खरवडून काढलं, क्लिपा दाबल्या आणि गाडी दिली. त्याची तरी काय चूक, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढं प्रत्येक सर्व्हिसिंगला मी स्वतः उभा राहून सील करून घेऊ लागलो. त्याचाच मला कंटाळा आला.

कव्हरची गरज मेहुण्यामुळं पटली. येळ्ळूर रस्त्यावर बळ्ळारी नाल्याच्या पाण्यात त्याची गाडी बंद पडली आणि त्यानं घाबरून पुन्हा स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. डिझेलच्या पिस्टनवर जागाही कमी उरते, त्यामुळं थोडं पाणीही पुरतं. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. त्याचंही बसलं नाही, इंजिनाचा सगळा खर्च त्यानं खिशातून केला.

कव्हरमध्येही उणिवा आहेतच. दरवर्षी पैसे जातात, गाडी जुनी झाली की बऱ्याचदा मिळत नाही, अटी कंपनीगणिक बदलतात. आणि ते पाणी अडवत नाही, नंतर भरपाई देतं. गाडी गॅरेजमध्ये अडकते ती अडकतेच. ज्यांच्या गावाची एकमेव वाट दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते, त्यांना कदाचित स्नॉर्कलच बरा. त्यांनी तो घ्यावा, पण इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर क्षणभर जाड पुठ्ठा धरून बघावा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, म्हणजे पाणीही तिथूनच येणार. ही तपासणी प्रत्येक फिल्टर बदलानंतर करायची.

आमच्यासारख्या शहरात राहून आठवड्यातून एकदा गावाकडं जाणाऱ्याला मात्र मी कव्हरच सुचवेन. नव्या गाडीचा फेंडर मी कापला नाही. पॉलिसी दर जूनमध्ये संपते, तेव्हा एजंटाकडं इंजिनाची ओळ आधी वाचतो, मग सही करतो. बायकोला आणि मुलालाही सांगून ठेवलंय, पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि मला फोन करायचा.