दोन दिवस फिरायचंय, मुक्काम ठाण्यात करू का नवी मुंबईत?

माझं घर ठाण्यात नौपाड्याला आणि ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला, त्यामुळे नाशिक-पुण्याहून शनिवार-रविवार जोडून येणारं कोणी ना कोणी विचारतंच की हॉटेल कुठे घेऊ. दोन्ही शहरांच्या मधे फक्त खाडी, पण फिरायची तऱ्हा एकदम वेगळी. सोबत आई-बाबा असतील किंवा नाटक-गाण्याची आवड असेल तर डोळे झाकून ठाणे. जानेवारी ते एप्रिलमधे येताय, मासे खाता आणि सकाळी लवकर उठायची तयारी आहे, तर नवी मुंबई.

ठाण्यात मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे मुख्य सगळं पायी होतं. स्टेशनच्या पश्चिमेला उतरा (1853 साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी इथेच आली होती), चालत चालत तहसील कचेरीपाशी मामलेदार मिसळ गाठा. बाहेरगावच्या माणसाने पहिल्यांदा मिडीयमच मागवावी, तिथे तिखट म्हणजे खरंच तिखट, कान गरम होतात. मिसळ जमणार नसेल तर नौपाड्यात गजानन वडापाव आहे, तिथे वड्यासोबत ती पिवळी बेसनाची चटणी मिळते आणि लोक वडा कमी आणि चटणी जास्त खातात असं म्हटलं तरी चालेल. कुंजविहारचा जम्बो वडापाव स्टेशनजवळच, तो एक खाल्ला की जेवण लांबणीवर.

संध्याकाळ मात्र तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठालाच काढा, ह्यात तडजोड नको. आधी कौपिनेश्वराचं दर्शन घ्या, गाभाऱ्यातली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा थबकतोच, मग बाहेर येऊन तलावाला एक फेरी मारा, मुलं असतील तर बोटिंग, आणि तिथेच काठाला गडकरी रंगायतन. 1978 पासून इथे नाटकं चाललीयेत आणि ठाण्याचा प्रेक्षक मनापासून दाद देणारा आहे, चांगला प्रसंग झाला की अख्खं थिएटर टाळ्या वाजवतं, हे घरी स्क्रीनवर मिळत नाही. तिकीट आधीच काढून ठेवा, वीकेंडचे चांगले प्रयोग भरतात. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणार असाल तर काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ पडेल. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांनी पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सवाच्या तारखा बघून यावं, महापालिका भरवते आणि चांगले गायक-वादक येतात. दिवाळीत आलात तर राम मारुती रोडची दिवाळी पहाट, गुढीपाडव्याला आलात तर स्वागतयात्रा. गर्दी प्रचंड, पण शहर आवडायला लागेल ते तेव्हाच. येऊरचा डोंगर आणि उपवन तलाव दुसऱ्या दिवशी सकाळी, निवांत.

नवी मुंबईत असं चालत फिरून होत नाही. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर सगळे नोड (म्हणजे शहराचे विभाग) लांब लांब, रस्ते मोठे आणि छान, पण गाडी किंवा कॅब हवीच, नाहीतर अर्धा दिवस रिक्षा शोधण्यात जाईल. मग तिकडे कशाला जायचं? माझ्या मते फ्लेमिंगोंसाठी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच जण भलत्या वेळी जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीतल्या उघड्या चिखलात चरतात, भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि मग ते थव्याने नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावावर. म्हणजे घड्याळ नाही, भरतीचं वेळापत्रक बघून निघायचं. जवळून बघायचे असतील तर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट जाते, तीसुद्धा भरतीच्याच वेळेला, बुकिंग आधी करा. ही ठाण्याची खाडी 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तरी डीपीएस तलावाचं पाणी अडून मधे तो कोरडा पडला होता, इथल्या पक्षीप्रेमींनी विषय लावून धरला म्हणून लक्ष गेलं. तिथे गेलात तर आवाज करू नका, ड्रोन तर अजिबात नको. पक्षी एकदम उडाल्यावर फोटो भारी येतो हे खरंय, पण त्यांची विश्रांतीची तेवढीच वेळ असते, ती मोडायची नाही.

खाण्यात नवी मुंबईचा जोर आगरी-कोळी जेवणावर. खेकड्याचा रस्सा, जिताडा आणि निवट्या हे खाडीतले मासे आणि सोबत गरम तांदळाची भाकरी, बेलापूर-पनवेलच्या पट्ट्यात हे घरगुती चवीचं मिळतं. थंडीत पनवेलच्या बाजूला कोणी ओळखीचं असेल तर पोपटी सोडू नका, वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजतात, तो वास हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. पूर्ण शाकाहारी असाल तर खाण्यासाठी ठाणेच.

गाण्याचं म्हणाल तर इकडे नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन शो झाले ते इथेच. असा मोठा शो असेल तर तुम्ही शोसाठीच येणार, मग मुक्काम नेरुळ-सीवूड्सलाच घ्या, हॉटेल महाग पडेल पण शो सुटल्यावर स्टेशनवरच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा परवडलं. एरवी वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पण नुसत्या नाटकासाठी निवडायचं असेल तर माझं मत गडकरीलाच.

पावसाळ्यात? ठाणे. खारघरचा पांडवकडा धबधबा लांबूनच बघायचा, पावसात तिथे जायला बंदी घालतात आणि ती योग्यच आहे, जीव गेलेत तिथे.

पुण्याहून एक्सप्रेसवेने गाडी घेऊन येणाऱ्याला नवी मुंबई आधी लागते, नाशिकवाल्याला ठाणे, तेवढ्यावरसुद्धा काही जण ठरवतात आणि त्यात चुकीचं काही नाही. कारण ठाणे-वाशी लोकलने अर्धा तासच लागतो, ठाण्यात राहून सकाळी फ्लेमिंगो बघून संध्याकाळच्या नाटकाला परत येता येतं. फक्त रविवारी ट्रान्स-हार्बरवर (म्हणजे ह्याच ठाणे-वाशी मार्गावर) मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद आहे का ते शनिवारी रात्रीच बघून ठेवा, असेल तर सकाळी लवकरची बस पकडा.