यूब्लॉक ओरिजिन: माग काढणाऱ्या स्क्रिप्टना अडवणारे एक्स्टेन्शन
रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले हे ब्राउझरला जोडायचे मोफत, मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो असे) एक्स्टेन्शन केवळ जाहिराती लपवून थांबत नाही, तर माग काढणाऱ्या सर्व्हरकडे जाणारी विनंतीच रोखते. त्याची खरी ताकद प्रगत वापरकर्त्यांसाठीचा पर्याय निवडल्यावर कळते, कारण तेथे त्रयस्थ, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून येणाऱ्या, स्क्रिप्ट (पानात चालणारे छोटे प्रोग्राम) आणि फ्रेम (पानात बसवलेली दुसरी पाने) सरसकट बंद करून, प्रत्येक संकेतस्थळासाठी आवश्यक तेवढ्याच पुन्हा सुरू करता येतात. सुरुवातीला काही पाने नीट चालत नाहीत, लॉगिनही अडते. तरीही हा त्रास मला मान्य आहे, कारण आपल्या वाचनाची नोंद कोणी ठेवावी हे वाचकानेच ठरवायला हवे. क्रोमसाठीच्या ‘लाइट’ आवृत्तीत ही सूक्ष्म नियंत्रणे नाहीत, म्हणून मी फायरफॉक्सचीच शिफारस करेन.