एसओपी फुकट कोणाकडून वाचून घ्यावा: सीनियर की विद्यापीठातले स्वयंसेवक?

पुण्यातल्या एका मुलीला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करायची आहे. अर्जासोबतचा एसओपी, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हा निबंध, आपल्या कॉलेजच्या तिकडे शिकणाऱ्या सीनियरला दाखवू, की एमआयटीच्या ‘गॅप’ (GAAP) किंवा स्टॅनफर्डच्या ‘सॅस्प’ (SASP) या उपक्रमाला अर्ज करू, जिथे तिथलेच पीएचडीचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून अर्ज वाचून अभिप्राय देतात, हा तिचा प्रश्न.

पैसे दोन्हीकडे शून्य. खरा फरक वेळेचा आहे. या उपक्रमांची नोंदणी साधारण ऑक्टोबरमध्येच संपते, प्रवेशअर्ज मात्र डिसेंबरपर्यंत चालतात. म्हणजे कच्चा खर्डा सप्टेंबरातच हवा. शिवाय जागा मर्यादित. उच्चशिक्षणात कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांना अनेकदा प्राधान्य मिळत आलं आहे. सीनियर नोव्हेंबरातही वाचेल, फक्त त्याच्या परीक्षा सांभाळून विचारा.

अभिप्रायाच्या दर्जात मला स्वयंसेवक सरस वाटतात. ते त्याच विभागात संशोधन करतात आणि तुम्हाला ओळखत नाहीत. ‘लहानपणापासून संगणकाची आवड’ हा परिच्छेद सीनियर भिडेखातर ठेवेल. अनोळखी वाचक विचारेल, प्रकल्पात तू स्वतः काय केलंस? मात्र प्रवेशाचा निर्णय त्यांच्या हातात नसतो आणि अभिप्राय अनेकदा एकदाच मिळतो. सीनियर तीन-चार खर्डे वाचू शकतो. तुमचा अभ्यासक्रम, बॅकलॉग, गुणपद्धती त्याला समजावून सांगावी लागत नाही.

पीएचडी, विषय पक्का, खर्डा वेळेत तयार: स्वयंसेवकांकडे जा. एमएस (मास्टर्स) करायचं असेल, तर सीनियरच गाठा. हे दोन्ही उपक्रम पीएचडीच्या अर्जदारांसाठी आहेत. सीनियर ओळखीचा नसेल, तर एमआयटीच्या कम्युनिकेशन लॅबने (लेखनासाठी मदत करणारा तिथला गट) टिपांसह ऑनलाइन ठेवलेले नमुना निबंध आधी वाचा.